डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये एमए करायचंय. "हे शिकून माणूस कोण होतो?" याचं उत्तर हवंय

मयेची_अबोली :

नमस्कार. इथलं बरंच वाचते, लिहायला मात्र आज पहिल्यांदाच बसले आहे.

मी मये गावची, डिचोली तालुका. अर्थशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे विकास अभ्यासात, म्हणजे कॉलेजात सगळे ज्याला डेव्हलपमेंट स्टडीज म्हणतात त्यात, एमए करायचं मनात पक्कं होत चाललं आहे. घरी विषय काढला तर बाबांनी एकच विचारलं, "कायदा शिकला की वकील होतो, बीएड केलं की मास्तर होतो. हे शिकून माणूस कोण होतो?" रागाने नव्हते विचारत, खरंच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही.

हा विषय डोक्यात कुठून आला ते सांगते. दुसऱ्या वर्षाला आम्हाला शिकवलं की दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या राज्यांत आहे. ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले. त्याच मे महिन्यात आमच्या वाड्यावर टँकरसाठी कळशांची रांग लागली होती.

माझी आजी दर वर्षी मेअखेरीला विहिरीच्या दोराला एक चिंधी बांधायची. कळशी पाण्याला टेकली की कठड्याशी दोर जिथे हातात येतो, तिथे. पुढच्या वर्षी किती दोर सोडावा लागणार याचा तिला अंदाज यायचा. मी पहिली-दुसरीत असताना लोहखनिजाची खाण जोरात होती. चिंधी दर वर्षी कळशीपासून लांब सरकायची, आणि एका वर्षी तर दोराला दुसरा दोर जोडावा लागला. 2012 साली खाणी बंद पडल्या. दोनेक वर्षांनी आजीने पहिल्यांदाच चिंधी आदल्या वर्षीपेक्षा कळशीच्या जवळ बांधली. त्याच वर्षी काकाचा खनिज वाहायचा टिप्पर ट्रक हप्ते थकले म्हणून बँकेने नेला. एकाच घरात विहीर भरली आणि चूल अडली. हे कसं मोजायचं, कोणाच्या खात्यात काय लिहायचं, हे मला शिकायचं आहे.

शिवाय मयेचं दुसरं दुखणं गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मुक्तीनंतर गावातली बरीचशी जमीन निर्वासित मालमत्ता, म्हणजे मालक देश सोडून गेला म्हणून, कस्टोडियनच्या म्हणजे सरकारी राखणदाराच्या ताब्यात गेली. तीन-तीन पिढ्या राहत्या घराखालची जमीन आपल्या नावावर नाही, अशी घरं आमच्या शेजारीच आहेत.

या शिक्षणात नेमकं काय शिकवतात, कुठे शिकावं, पोटापाण्याचं काय, आणि शिकून परत गोव्यात येता येतं का, एवढं कोणी नीट सांगेल का?

——

माधवीलता :

बाय, आधी चौकशी करते आहेस हे चांगलं. माझी मुलगी याच वाटेने गेली. दोन वर्षं शिक्षण, नंतर दोन वर्षं ओडिशात. पहिली दोन वर्षं मी रोज रात्री फोनची वाट बघायची. आता पुण्यात आहे, बरी आहे, पगार तिच्या इंजिनियर भावाच्या निम्मा आहे. तिला विचारलं तर पुन्हा हेच करीन म्हणते. तुझ्या आईला हे वाचायला दे.

——

सत्तरीची_वाट :

अबोली, तुझ्या आजीची दोरी वाचून मी दहा मिनिटं काही लिहूच शकले नाही. ज्याला आम्ही वर्गात वेळमालिका म्हणायचो, म्हणजे एकच गोष्ट वर्षानुवर्षं मोजत जायची, ती तुझ्या आजीने चिंध्यांनी केली. तो दोर अजून असेल तर जपून ठेव.

मी मूळची वाळपईकडची. मुंबईत याच विषयात एमए केलं, आठ वर्षं नंदुरबारकडे काम केलं, आता परत गोव्यात. थोडं सविस्तर लिहिते.

हा विषय जन्मला कसा, ते आधी माहीत असावं. 20 जानेवारी 1949 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी पदग्रहणाच्या भाषणात जगातल्या 'अविकसित' प्रदेशांना मदत करण्याची भाषा केली. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांना एकदम एक नाव चिकटलं आणि त्या नावाभोवती ज्ञानाचं एक क्षेत्र उभं राहिलं. हा विषय शिकवणारी नेदरलँड्समधल्या हेगची संस्था 1952 मध्ये निघाली, इंग्लंडातल्या ससेक्सची 1966 मध्ये. साम्राज्यं गेली आणि त्यांच्याच देशांत आपल्याबद्दलचे अभ्यासक्रम सुरू झाले. ही गोष्ट विसरायची नाही.

पण आपल्याकडची वाट त्याहून जुनी आहे, आणि ती मराठी मुलखातून जाते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 ची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ गावोगावची पाहणी करत, आणि तेच पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी आणि गाडगिळांसारखा अर्थतज्ज्ञ एका कारखान्याच्या कारभारात बसतात, याला मी विकास अभ्यास म्हणते. त्याच संस्थेत 1971 मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीचा हिशेब मांडला. माणसाला दिवसाला 2250 उष्मांक मिळायचे तर महिन्याला किती रुपये लागतात, तिथून सुरुवात केली. 1960-61 च्या किमतींनी खेड्यात 15 रुपये आणि शहरात साडेबावीस. आणि वि. स. पागे यांची रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. 2005 मध्ये देशाने रोजगाराचा कायदा केला तेव्हा तोच अनुभव समोर होता.

आता तुझा पाठ्यपुस्तकाचा प्रश्न. दरडोई उत्पन्न म्हणजे एकूण उत्पन्न भागिले माणसं. खनिज बार्जमधून मुरगाव बंदरात गेलं की त्याची किंमत उत्पन्नात धरली जाते. त्या खनिजासाठी उपसलेलं विहिरीचं पाणी कुठेच वजा होत नाही. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पंप लावून पाणी सतत बाहेर काढावं लागतं, आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं. तुझ्या आजीची चिंधी कळशीपासून लांब सरकत होती ती यामुळे. उत्पन्नाच्या एका आकड्याने काम भागत नाही हे ओळखून पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने 1990 मध्ये मानव विकास निर्देशांक आणला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण आलं. विहीर त्यातही नाही. ती कशी आणायची, हे काम अजून बाकी आहे.

वर्गात काय असतं? अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, संख्याशास्त्र, थोडा कायदा, जमिनीचा इतिहास, जात आणि स्त्री-पुरुष संबंध, आणि क्षेत्रकार्य. माझ्या मते या सगळ्यात क्षेत्रकार्यावर संस्था किती महिने खर्च करते, ते बघून संस्था निवडावी. मुंबईच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत, आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेमार्फत जावं लागतं. तुळजापूरच्या शाखेचा भर ग्रामीण भागावर आहे. बंगळूरचं अझीम प्रेमजी विद्यापीठ स्वतःची परीक्षा आणि मुलाखत घेतं, आणि घरची परिस्थिती बघून शिष्यवृत्ती देतं; ज्यांना फीची काळजी आहे त्यांनी हे आधी बघावं. आयआयटी मद्रासची बारावीनंतरची पाच वर्षांची एमए आता राहिली नाही, पदवीनंतरची दोन वर्षांची आहे. आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था व्यवस्थापनाच्या अंगाने शिकवते. अमूलच्या कुरियन यांनी 1979 मध्ये उभी केली, 2025 मध्ये तिचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. इंजिनियर मुलांसाठी आयआयटी मुंबईचं सी-तारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिरुवनंतपुरमचं सीडीएस (सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज) अर्थशास्त्राकडे झुकलेलं आहे, तुझी पदवी बघता तेही बघ.

पोटापाण्याबद्दल उद्या लिहिते. आज इतकंच.

——

जुना_सचिव :

तीस वर्षं पंचायत सचिव म्हणून काढली, म्हणून दोन शब्द.

गोव्यात 191 पंचायती आहेत. पंचायत राज कायदा 1994 चा. कागदावर ग्रामसभेला भरपूर अधिकार आहेत आणि दर वर्षी पंचायतीचा विकास आराखडा करायचा असतो. मी स्वतः असे कितीतरी आराखडे टाइप केले. खरं सांगतो, आदल्या वर्षीचा काढायचा आणि रस्त्याचं नाव, गटाराची लांबी, आकडे बदलायचे. कोणी फसवायचं म्हणून नाही करत. गावाला काय हवं ते शोधून काढून, त्याची किंमत काढून, कोणत्या खात्यात पैसा आहे ते बघून कागदावर उतरवणारा माणूसच पंचायतीत नसतो. सचिवाकडे जन्म-मृत्यूच्या दाखल्यांपासून घरपट्टीपर्यंत सगळं, वर दोन-दोन पंचायती. 2020 पासून 'स्वयंपूर्ण गोवा' या सरकारी कार्यक्रमात अधिकारी 'मित्र' म्हणून पंचायतीत येऊ लागले, त्याने काही ठिकाणी योजना माणसांपर्यंत पोचल्या. पण ते अधिकारी आपलं मूळ काम सांभाळून येतात.

तेव्हा बाबांना सांग, हे शिकून माणूस गावाचा आराखडा करणारा होतो. अशा माणसाची मी तीस वर्षं वाट बघितली.

सरकारी नोकरीचं मात्र सरळ सांगतो. या विषयाच्या नावाचं पद गोवा सरकारात नाही. नियोजन व सांख्यिकी खातं, ग्रामीण विकास खातं, समाजकल्याण, यांच्या जाहिराती येतात तेव्हा अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य अशा पदव्या मागतात. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी येणं लागतंच, मराठी येत असेल तर चांगलं. तुझी बीए अर्थशास्त्राची आहे ती उपयोगी पडेल.

——

दूरदेशी :

सचिवकाकांना दुजोरा देऊन एक वेगळं मत मांडतो. मी याच विषयात परदेशात पीएचडी करतो आहे, आणि तरीही अबोलीला सांगेन की आधी अर्थशास्त्रातच एमए कर.

कारण साधं आहे. बहुविषय शिकताना एकाही विषयात खोल जाता येत नाही. माझ्या वर्गात उत्तम बोलणारी मुलं होती, त्यांना विकासाच्या शब्दावर तासभर टीका करता यायची, पण नमुना पाहणीत घरं कशी निवडतात हे विचारलं की गप्प. आज निधी देणाऱ्या संस्था पुरावा मागतात. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना मिळालं ते गरिबीवरच्या यादृच्छिक प्रयोगांसाठी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट निवडून योजनेचा परिणाम तपासण्यासाठी. त्या पद्धतीवर टीका करायची असेल तरी आधी ती यायला हवी.

प्राध्यापक व्हायचं असेल तर हेही लक्षात ठेव : नेट परीक्षेत विकास अभ्यासाचा स्वतंत्र पेपर नाही, तो अर्थशास्त्रातच मोडतो. परदेशी शिष्यवृत्ती डोक्यात असेल तर ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो, म्हणजे लगेच नाहीच.

——

सत्तरीची_वाट :

दूरदेशी, अर्धं पटलं. संख्याशास्त्र कच्चं ठेवून या क्षेत्रात येऊ नये, हे अगदी खरं. पण अर्थशास्त्राच्या एमएत दोन वर्षांत मी एकही रात्र गावात काढली नसती.

आता पोटापाण्याचं. पदवीनंतर बहुतेकांची सुरुवात फेलोशिपने होते. एसबीआय यूथ फॉर इंडिया तेरा महिन्यांची आहे, गांधी फेलोशिप दोन वर्षांची, प्रदानसारख्या संस्था नवोदितांना गावातच ठेवून तयार करतात. पुढे संस्था, कंपन्यांचे समाजकार्याचे (सीएसआर) विभाग, संशोधन संस्था, सरकारी अभियानांतली कंत्राटी पदं, आणि काहींना संयुक्त राष्ट्रांच्या संस्था. कंत्राट वर्षावर्षाचं असतं. प्रकल्प संपला की नोकरी संपते, हे माझ्याबाबत दोनदा झालं. 2011 मध्ये माझा पहिला पगार 16 हजार होता, त्यात खोलीचं भाडं आणि जीपचे पैसे जायचे. घरी पैसे पाठवायची जबाबदारी तुझ्यावर असेल तर हा हिशेब आत्ताच वडिलांसोबत बसून कर.

म्हणून एक कौशल्य असं पाहिजे जे प्रकल्प संपला तरी तुझ्याकडे राहील. हिशेब तपासणं, संख्याशास्त्र, जमिनीचा कायदा, किंवा नकाशा. गोव्यात तर नकाशा. 2006 च्या अखेरीस गोवा बचाव अभियान उभं राहिलं तेव्हा कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा 2011 चे नकाशे घेऊन वास्तुरचनाकार गावोगाव गेले, कुठलं शेत आणि कुठला डोंगर कोणत्या रंगात टाकलाय ते लोकांना बोट ठेवून दाखवलं. जानेवारी 2007 मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला. लोकांचा राग आधीपासून होता, पण तो अमुक सर्व्हे नंबरवर बोट ठेवू शकला तेव्हा सरकार हललं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, कुळाची आणि मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्याची) नोंद, कोमुनिदादीचा म्हणजे गावकीच्या सामायिक जमिनीचा जुना नकाशा, हे वाचता येणारी विशी-पंचविशीतली माणसं आज गोव्यात किती आहेत? वकिलांकडे आहेत, आणि जमिनीच्या दलालांकडे आहेत.

——

वाडें_वसाहत :

मी सांग्याचा. आमचं मूळ गाव कुर्डी. साळावली धरणात गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचं गाव म्हणून नाव ऐकलं असेल.

वडील सांगायचे, मुख्यमंत्री बांदोडकर स्वतः गावात आले होते आणि म्हणाले होते की तुमच्या त्यागाने सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल. मिळालं. मडगावच्या नळाला येतं ते साळावलीचंच. तीनेक हजार माणसं उठली, कोणी वाडें गावच्या वसाहतीत आली, कोणी वालकिणीच्या. आणि आमच्या वसाहतीत कितीतरी वर्षं मे महिन्यात विहीर आटायची. धरणासाठी गाव दिलेल्या माणसांना पाण्यासाठी वाट बघावी लागली, हे कुठल्याही पुस्तकात वाचण्याआधी मी बघितलं.

दर मे महिन्यात पाणी खाली गेलं की कुर्डी वर येतं. सोमेश्वराची जत्रा भरते, आम्ही सगळे जातो. गाळ वाळून तडकलेला असतो. माझी आत्या त्या तडकलेल्या जमिनीवर चालत जाऊन एका जागी थांबते आणि म्हणते, इथे चूल, इथे गोठा, इथे फणस. जोत्याचे चार चिरे दिसतात, बाकी काही नाही. ती बरोबर त्याच जागी थांबते, दर वर्षी.

पुनर्वसन म्हणून एक पेपर असतो म्हणे या अभ्यासात. अबोली, तो शिकशील तेव्हा मे महिन्यात ये. आत्याला भेट.

——

माधवीलता :

डोळ्यांत पाणी आलं.

——

टिप्परवाला_88 :

मी हे कधी लिहिणार नव्हतो, पण आता लिहितो.

मी खाणीवर टिप्पर चालवायचा. स्वतःचा होता, कर्जाचा. 2010-11 साली गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात माल जात होता, आम्हाला झोप नव्हती. 2012 ला बंद, मग 2014 ला सुप्रीम कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, थोडं सुरू झालं, मार्च 2018 ला पुन्हा बंद. आता लिलाव होऊन डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली आहे. प्रत्येक वेळी खाण बंद झाली की आमच्या गावात सर्व्हेवाले आले. मी मोजलंय, दोन्ही बंदींत मिळून चार वेळा. मुलंमुली चांगली होती, शिकलेली. घरात बसून विचारायची, कर्ज किती, मुलं किती, मच्छी आठवड्यातून किती वेळा, शौचालय आहे का. बायकोने सगळ्यांना चहा दिला. माझ्या कर्जाचा आकडा मी माझ्या भावालासुद्धा सांगितला नव्हता, तो त्यांना सांगितला.

चारपैकी एकही परत आला नाही. काय लिहिलं, कोणाला दिलं, त्याचं काय झालं, काही नाही. माझ्या कर्जाचा आकडा कुठल्यातरी कागदात आहे आणि तो कागद मी बघितलेला नाही.

बाय, तू शीक. पण मला सांग, तू परत येशील का?

——

सत्तरीची_वाट :

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अबोलीने द्यायचं आहे, पण माझ्याकडून आधी माझं सांगते, कारण मी त्या न परतलेल्यांतलीच एक होते.

नंदुरबारला पहिल्या वर्षी आम्ही एका पाड्यावर पाण्याची पाहणी केली. अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायला बायकांना सांगितलं. आम्हाला वाटलं, आधी देऊळ काढतील. त्यांनी आधी नाला काढला, मग नाल्यात खणलेले झरे, चार खडे ठेवून. त्यातल्या एका खड्यावर एका म्हातारीने दुसरा लहान खडा ठेवला. विचारलं तर म्हणाली, इथे फक्त पहाटे पाणी असतं. मी ते सगळं वहीत उतरवलं, फोटो काढले, संस्थेच्या ऑफिसात इंग्रजीतून साठ पानांचा अहवाल लिहिला. छान छापला गेला. पाड्यावर कोणालाच मिळाला नाही. कोणी अडवलं नव्हतं, आम्हाला सुचलंच नाही.

पुढच्या वर्षी कामासाठी पुन्हा गेले तेव्हा त्या म्हातारीने मला ओळखलं आणि विचारलं, "आमचा नाला घेऊन गेलीस, काय केलंस त्याचं?" रात्रभर झोप लागली नाही. परत येऊन अहवालाची मराठीत दोन पानं केली आणि पंधरा दिवसांनी पाड्यावर जाऊन मोठ्याने वाचली. एका मुलीने त्यांच्या बोलीत सांगितली. तिसऱ्याच ओळीला त्यांनी मला थांबवलं. चार झरे लिहिलेत, पण एकात गाळ भरलाय, तो धरू नका. दुसरी म्हणाली, पहाटेचा झरा धरलात ते बरं केलंत, पण तिथे जायची वाट पावसात तुटते, ते लिहा. साठ पानांत ह्या दोन गोष्टी नव्हत्या. पुढे मागणीचा अर्ज त्या दोन पानांवरून झाला.

त्यानंतर मी एक नियम केला आहे : पाहणीच्या खर्चातच परत जाऊन वाचून दाखवण्याचे दिवस आणि भाडं धरायचं. निधी देणारा नको म्हणाला तर ते काम घ्यायचं नाही. त्यामुळे कामं कमी मिळाली आहेत, हेही खरं.

तुमच्या गावी ज्या पाहण्या झाल्या त्यांतल्या सरकारी पैशाने झालेल्या असतील, त्यांचे अहवाल मागायचा तुम्हाला हक्क आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. आणि 2015 च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीच्या ठरावीक टक्के रक्कम खाणवाल्यांना जिल्हा खनिज निधीत भरावी लागते, तो निधी खाणबाधित भागासाठीच खर्च करायचा असतो. पिण्याचं पाणी त्यात अग्रक्रमाचं आहे. तो तुमच्या पंचायतीत किती आला, कशावर गेला, हे विचारता येतं.

——

जुना_सचिव :

अर्ज कसा लिहायचा, मी बघून देतो. अबोली, प्रश्न थोडके आणि नेमके विचार. "संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहिलं की खातं पहिलं ते कारण काढून परत पाठवतं. वर्ष लिही, पंचायतीचं नाव लिही, मंजूर रक्कम, खर्च रक्कम, कामाचं नाव, एवढंच माग.

——

दूरदेशी :

आणि तो दोर मोजायचा असेल तर प्रत्येक चिंधी कळशीच्या टोकापासून किती मीटरवर येते ते टेपने मोज, आणि आजीला वर्ष विचारताना सरळ "कोणतं वर्ष" विचारू नकोस. लग्न, चवथ, कोणाचा जन्म, खाण बंद झाली तेव्हा, अशा खुणांनी विचार. माणसाला साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. ही पाहणीची पहिली शिकवण आहे आणि ती मला फार उशिरा मिळाली. अर्थशास्त्राचा माझा आग्रह अजून आहे, पण हे आधी कर.

——

मयेची_अबोली :

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. परीक्षा होत्या.

सगळ्यांची उत्तरं बाबांना वाचून दाखवली. सचिवकाकांचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. टिप्परवाले काकांचं वाचताना काका, म्हणजे माझा स्वतःचा काका, उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, आपल्याकडेही आले होते, तू शाळेत होतीस.

दोर मिळाला. माळ्यावर होता, नव्या नळाच्या पाइपाखाली. उंदरांनी एका टोकाला कुरतडलाय. आजी आणि मी तो अंगणात सरळ पसरला. अकरा चिंध्या आहेत, त्यांतल्या दोन कसल्या ते तिला आठवेना, त्या मी वेगळ्या लिहिल्या. सगळ्यात लांबची चिंधी कळशीच्या टोकापासून 14 मीटर 20 सेंटिमीटर. ती कोणती विचारलं तर आजी म्हणाली, "तुझ्या आतेभावाच्या मुंजीच्या आधलो मे." वही काढून तसंच लिहिलं, मग आत्याला फोन करून साल काढलं. कळशीच्या जवळ सरकलेली पहिली चिंधी निळ्या कापडाची आहे, माझ्या शाळेच्या फ्रॉकची.

सीयूईटीचं बघतेय, आणि बंगळूरच्या परीक्षेचाही फॉर्म भरणार आहे. दूरदेशी दादा, संख्याशास्त्राचं पुस्तक ग्रंथालयातून आणलं आहे, नमुना निवडीचं प्रकरण दुसऱ्यांदा वाचते आहे. वाडें_वसाहत, मे महिन्यात येते. आत्यांना सांगून ठेवा.

टिप्परवाले काका, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला आज शब्दांत देता येणार नाही. सोमवारी डिचोलीत जाऊन माहिती अधिकाराचा अर्ज दिला. आमच्या पंचायतीत खनिज निधीतून पाच वर्षांत पाण्याच्या कोणत्या कामांना किती रक्कम मंजूर झाली आणि किती खर्च झाली, एवढंच विचारलं आहे. सचिवकाकांनी मसुदा दोनदा बदलायला लावला. पोच घेतली, शिक्क्यावर तारीख नीट उमटली नव्हती म्हणून पुन्हा मारून घेतली. उत्तर आलं की आधी वाड्यावर वाचून दाखवीन, मग इथे लिहीन. तुमच्या गावाचं नाव कळवलंत तर तुमचाही अर्ज लिहून देते.